हार्वेस्टरवरचा दिलजीत आणि पडद्यावरचा दिलजीत

सोयाबीनवाला
राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला विषय मांडतोय, पंजाबी गायक-नट दिलजीत दोसांझचा.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात. २०१०च्या आगेमागे गव्हाच्या काढणीला पंजाबचा हार्वेस्टर आमच्या शिवारात आला. दिवसभर मशीन चालायचं आणि रात्री आमच्या आखाड्यावर मुक्काम. चौघं जण होते. एक जण कणीक मळायचा, एक जण मशीनखाली शिरून बोल्ट आवळायचा, आणि शिडीला अडकवलेल्या मोबाईलवर रोज एकच आवाज. शब्द आम्हाला कळत नव्हते, पण माझ्या आजोबांची मान डोलायची. त्यांनी विचारलं, हा कोण रे गाणारा? बोल्ट आवळणारं पोरगं मशीनखालूनच बोललं, "दिलजीत. हमारे उधर का है." ते 'हमारे उधर का' त्यानं असं म्हटलं की जणू सख्खा भाऊ गातोय.

पुढं २०१६ला नांदेडला 'उडता पंजाब' बघितला. त्यातला तो फौजदार दिलजीत आहे हे मला मध्यंतरापर्यंत ध्यानातच आलं नाही. गाणारा माणूस, आणि पूर्ण सिनेमाभर खांदे पाडून, हळू आवाजात बोलतो. तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय. आवाजाच्या पुण्याईवर पडद्यावर आलेले पुष्कळ पाहिले, दोन-तीन सिनेमांत विरले. हा माणूस टिकला कसा? अभिनय तो कुठं शिकला? माझं मत असं, की तो गाण्यातच शिकला. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठची
चांगला धागा. 'उडता पंजाब'मधला सरताज मलाही फार आवडला. नाक्यावर पैसे घेऊन ट्रक सोडणारा साधा एएसआय, आणि त्याच मालानं स्वतःचा धाकटा भाऊ वाया गेल्यावर खचणारा. दवाखान्यातल्या प्रसंगांत तो जवळजवळ काही करत नाही, नुसता उभा असतो, आणि तरी नजर त्याच्यावरच राहते. पहिल्याच हिंदी सिनेमाला फिल्मफेअरचं पदार्पणाचं पारितोषिक मिळालं ते काही उगाच नाही.

तर्कट
मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. मला तो सगळीकडं दिलजीतच दिसतो. भोळा, हसरा, चांगला सरदार. 'गुड न्यूज'मध्ये तोच, 'जट्ट अँड ज्युलिएट'मध्ये तोच. लोकांना माणूस आवडतो म्हणून ते अभिनय आवडला म्हणतात. आणि गायक नट होण्यात नवीन काय आहे? आपल्याकडं संगीत नाटकात गाता येणं हीच नटाची पहिली पायरी होती. सैगल झाले, सुरैया झाल्या, किशोरकुमार झाले. किशोरकुमार खरा नट होता, कारण तो गाणं बाजूला ठेवून वेगळा माणूस व्हायचा. दिलजीतचा पहिलाच सिनेमा 'जट्ट अँड ज्युलिएट' चालला, मग तेच साचे आले.

फिल्मीकिडा
तर्कट भाऊ, थोडी दुरुस्ती. पहिला तो नव्हे. क्रम सांगतो, कारण या माणसाचा प्रवास समजायला तो लागतो.

जन्म ६ जानेवारी १९८४, जालंधर जिल्ह्यातलं दोसांझ कलां. गावाचंच नाव आडनावाला. वडील पंजाब रोडवेजमध्ये नोकरीला. अकराव्या वर्षी त्याला शिकायला लुधियानात मामाकडं पाठवलं. एका मुलाखतीत त्यानं स्वतः सांगितलंय की तेव्हा त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंतर घराशी अंतर पडलं ते पडलंच. गुरुद्वाऱ्यात कीर्तन गात गात सुरुवात झाली. पहिला अल्बम आला तेव्हा वय विशीच्या उंबऱ्यावर. पुढची सात-आठ वर्षं अल्बम आणि लग्नाकार्यातले स्टेज कार्यक्रम.

नायक म्हणून पहिला सिनेमा २०११चा 'द लायन ऑफ पंजाब'. तो पडला. गंमत बघा, त्यातलं एक गाणं मात्र परदेशातल्या पंजाबी पोरांनीसुद्धा डोक्यावर घेतलं. म्हणजे लोकांनी साफ सांगितलं होतं की तू गा बाबा, सिनेमाचं राहू दे. दुसरा कुणी असता तर ऐकला असता. त्यानं त्याच वर्षी गिप्पी ग्रेवालबरोबर 'जिन्हे मेरा दिल लुटेया' केला, आणि २०१२ला 'जट्ट अँड ज्युलिएट'. नीरू बाजवाबरोबरची ती जोडी इतकी जमली की तिसरा भाग २०२४पर्यंत येत राहिला.

आणि 'तोच तो' म्हणणाऱ्यांनी २०१४चा 'पंजाब १९८४' बघावा. बेपत्ता मुलाला शोधणारी आई, किरण खेर, आणि तो मुलगा दिलजीत. उत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं त्याला. त्यात हसरा सरदार कुठं सापडतो ते मला दाखवा.

अजून एक. ही वाट आधी गुरदास मान आणि हरभजन मान यांनी पाडली होती. २००२ला हरभजन मानचा 'जी आयां नूं' आला आणि मरगळलेला पंजाबी सिनेमा उठून बसला. तिथं नायक गाण्यातूनच यायचा. दिलजीत त्या रांगेतला आहे, पण रांगेत सगळ्यांत पुढं गेला.

माजलगावकर
किडा भाऊ, तुम्ही लायब्ररीच आहात बघा.

नांदेडकर_सिंग
आमच्या घरी हा विषय रोजचा, म्हणून लिहितो. आमचं घर तख्त सचखंड हुजूर साहिबपासून चालत पाच मिनिटांवर. चार पिढ्या नांदेडात. घरात पंजाबी, गल्लीत दख्खनी, शाळेत मराठी. पंजाबातून आलेले पाहुणे आमची पंजाबी ऐकून हसतात, म्हणतात यात अर्धी मराठी आहे.

फिल्मीकिडा यांनी कीर्तनाचं लिहिलं ते महत्त्वाचं. कीर्तन गाणाऱ्या पोराला लहानपणी एक गोष्ट शिकवतात, की आवाज दाखवायचा नाही, शब्द पोचवायचा. समोर संगत डोळे मिटून बसलेली असते. तान कितीही चांगली घेतली तरी टाळ्या नाहीत. मी स्वतः सात वर्षं तबल्यावर साथ केली, म्हणून सांगतो. सरताजच्या भूमिकेत जो थांबलेपणा दिसतो ना, तो मला तिथला वाटतो.

पगडीबद्दलही सांगायचं आहे. आमच्या लहानपणी हिंदी सिनेमातला सरदार म्हणजे विनोद करायला किंवा ट्रक चालवायला. शाळेत बारा वाजले की पोरं माझ्याकडं बघून हसायची. माझ्या मुलाला हे सोसावं लागलं नाही. त्याच्या वर्गातली मराठी पोरं त्याला विचारतात, दिलजीतसारखी पगडी बांधायला किती वेळ लागतो? यात त्या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. तो चांगला नट आहे की नाही हा वाद तुम्ही करा. मी त्याच्या ऋणात आहे.

गोदाकाठची
सिंग भाऊ, वाचून गलबलून आलं. आमच्याही शाळेत ते बारा वाजल्याचं चालायचं. आम्ही हसायचो. माफी.

नांदेडकर_सिंग
ताई, अहो किती वर्षं झाली. लंगरला या, तिथं बोलू.

डॅशबॉल
संभाजीनगरला दहा वर्षं हॉकी खेळलो, म्हणून 'सूरमा'वर बोलायचा हक्क घेतो. २०१८चा सिनेमा, संदीप सिंगच्या आयुष्यावरचा. २००६ला विश्वचषकाला निघालेला असताना शताब्दी गाडीत सुरक्षा दलाच्या जवानाच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी लागली, कमरेखालचं अंग गेलं, आणि तो माणूस पुन्हा उभा राहून २००९ला भारताचा कर्णधार झाला. सिनेमा मला मध्यम वाटला. पण दिलजीतनं ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत फेकायला, खाली वाकताना मागचा पाय जसा ओढत आणलाय, ते शिकायला महिने लागतात. पहिल्यांदा स्टिक धरणाऱ्याचं मनगट कडक असतं, त्याचं नव्हतं. मेहनत केलीय पठ्ठ्यानं.

लातूरची_लेक
मी २४ नोव्हेंबर २०२४ला कोथरूडच्या कार्यक्रमाला गेले होते! लातूरहून पहाटेची गाडी, सोबत बारावीतली मुलगी. तिकीट काढताना नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, एवढ्यात क्विंटलभर तूर आली असती म्हणाले.

गर्दी किती होती ते सांगत नाही, त्यांनी टीव्हीवर दाखवलंच. मला लक्षात राहिलं ते वेगळंच. गाण्याच्या मधे तो थांबला आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंना हात जोडून काहीतरी बोलला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण आमच्या भोवतीची दोन-चारशे माणसं एकदम गप्प झाली. मुलगी म्हणाली, आई, हा गात नसतानाही गातोच आहे. धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर तेच.

मास्तर_केज
ताई, तुमचा आनंद खरा आहे, पण मला एक बोच आहे. दारूवरची गाणी. त्या पुण्याच्या कार्यक्रमाआधीच विरोध झाला आणि तिथला मद्यविक्रीचा परवाना रद्द करावा लागला. त्याआधी हैदराबादला तेलंगण सरकारनं नोटीस दिली होती. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवतोय. गॅदरिंगला आठवीचं पोरगं ग्लास हातात धरल्याचा अभिनय करत त्या गाण्यावर नाचतं आणि पालक टाळ्या वाजवतात. ज्या माणसानं 'उडता पंजाब'मध्ये नशेनं उद्ध्वस्त झालेलं घर दाखवलं, त्यानंच हे गावं याचं मला वाईट वाटतं.

लातूरची_लेक
सर, मुद्दा मान्य आहे. हैदराबादला तो शब्द बदलून गायला. अहमदाबादला म्हणाला की सगळ्या राज्यांनी दारूबंदी करावी, मी दुसऱ्या दिवसापासून अशी गाणी सोडतो. सरकार दारूवर महसूल घेतं आणि दोष एकट्या गाणाऱ्याला, हेही बरोबर नाही ना?

मास्तर_केज
सरकारचा दोष आहेच. पण पोरगं सरकारकडं बघून नाचत नाही हो, त्याच्याकडं बघून नाचतं. म्हणूनच त्याच्याकडून जास्त अपेक्षा.

झुंबर
मास्तरांशी १०० टक्के सहमत. आणि तरी गाडीत तीच गाणी लागतात. काय करावं?

बालाघाटी
मूळ प्रश्नाकडं येतो. धागाकर्त्यांनी 'आखाडा' शब्द वापरला, शेतातल्या मुक्कामाच्या जागेला आपल्याकडं म्हणतात तो. तिकडं पंजाबात गाणाऱ्यांच्या खुल्या कार्यक्रमालाही अखाडाच म्हणतात. गावात चौथरा, समोर सतरंजी, मागं ट्रॅक्टरवर चढून बसलेली माणसं. गाणाऱ्यानं दोन गाण्यांच्या मधे बोलायचं, टोमणे झेलायचे, कुणी नोट वर धरली की नाव घेऊन दाद द्यायची, भांडण पेटलं तर गाण्यानंच विझवायचं. अभिनय कुठं शिकला विचारता? इथंच.

आणि हे आपल्याला परकं नाही. मी लहानपणी अंबाजोगाईकडं बघितलेला गोंधळ सांगतो. लग्नानंतरची रात्र, चौक भरलेला, दिवटी पेटलेली. आधी तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, सगळ्या देवांना बोलावणं. मग आख्यान हरिश्चंद्राचं. नाईक गाता गाता खांद्यावरचं उपरणं डोक्यावर ओढायचा आणि तारामती व्हायचा. सूर तोच, संबळ तोच, पण खांदे आखडलेले, मान कलती. दोन ओळींनी उपरणं पुन्हा खांद्यावर, की झाला राजा. बायका पदरानं डोळे पुसायच्या. त्याला कुणी विचारलं असतं की तू गायक की नट, तर त्याला प्रश्नच कळला नसता.

ज्यानं अशा गर्दीसमोर रात्री काढल्या, त्याला कॅमेरा म्हणजे समोर बसलेला अजून एक माणूस.

फिल्मीकिडा
बालाघाटी, या धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला प्रतिसाद.

सामनेवाला
बऱ्याच जणांनी दिलजीतच्या 'चमकीला'चा उल्लेखच केला नाही. मी करतो, कारण आमच्या वस्तीत तो सिनेमा पडदा लावून दाखवला होता.

अमरसिंग चमकीला, पंजाबी गायक. मूळ नाव धनी राम, लुधियानाजवळच्या दुगरीचा, दलित कुटुंबातला. कापडाच्या कारखान्यात कामाला होता. पुढं त्याच्या अखाड्यांना इतकी गर्दी व्हायची की त्याच्या तारखा बघून लोक लग्नं ठरवायचे. ८ मार्च १९८८ला मेहसमपूरला कार्यक्रमासाठी गाडीतून उतरताना त्याला आणि बायको अमरज्योतला गोळ्या घातल्या. वय २७. मारणारे कधी शिक्षेपर्यंत आले नाहीत.

माझे चुलते भीमगीतांच्या सामन्यात गायचे. सामना म्हणजे एका बाजूला गायक, एका बाजूला गायिका, सवाल-जवाब पहाटेपर्यंत. जयंतीच्या दिवसांत महिनाभर घरी नसायचे. दिवसा कुणाच्या दारात पाणी वेगळ्या पेल्यात, रात्री त्याच गावातली माणसं कव्वालीला पुढच्या रांगेत. चमकीला आणि अमरज्योतच्या जोडगाण्यांत मला तेच दिसलं. सिनेमात त्याला खालच्या जातीचा म्हणून सुनावतात तेव्हा दिलजीत जे करतो ते बघा. आधी खाली बघतो. मग उत्तर देतो, पण आवाज चढवत नाही. चुलते शेजारी बसले होते. म्हणाले, "असंच करावं लागतं रे. आवाज चढवला की कार्यक्रम जातो."

हे त्याला कुणी शिकवलं मला माहीत नाही. पण खोटं वाटलं नाही.

गोदाकाठची
सामनेवाला, तुमच्या चुलत्यांवर स्वतंत्र धागा काढा. विनंती आहे.

येलदरी
विषय निघालाय तर बोलतो. दिलजीत २०२३ला अमेरिकेत कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर गेला, पंजाबीत गाणारा पहिला. काळा कुर्ता-तंबा, पगडी, आणि सगळं पंजाबीत. इंग्रजीचं दडपण नाही. आणि आपण? जिंतूरचं पोरगं पुण्याला गेलं की पहिल्या महिन्यात 'करायलोय'चं 'करतोय' होतं. आपली बोली पडद्यावर आली ती बहुतेक हसवायला. मकरंद अनासपुऱ्यांनी ती ताठ मानेनं बोलली, त्याचं श्रेय त्यांना आहेच. पण आपल्या बोलीत रडणारा, प्रेम करणारा, गंभीर नायक किती वेळा दिसला?

झुंबर
मला बी हेच वाटायलंय. माझ्या पोरीला मी घरात सांगून ठेवलंय, कामून म्हणायचं असलं तर कामूनच म्हण.

तर्कट
परत आलो. सामनेवाला यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री 'चमकीला' पुन्हा बघितला, आणि माझं मत काही अंशी मागं घेतो.

दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यातली गाणी दिलजीत आणि परिणीती चोप्रा यांनी सेटवर कॅमेऱ्यासमोरच गायली आहेत, आधी ध्वनिमुद्रित करून ओठ हलवलेले नाहीत. त्यामुळं धाप दिसते. कडव्याच्या शेवटी तो श्वास घ्यायला मान वळवतो, तेही दिसतं. दोन, दिलजीतचा स्वतःचा आवाज गोल आहे, भरलेला. चमकीलाचा आवाज टोकदार, वर चढलेला. इथं त्यानं आपला सुंदर आवाज बाजूला ठेवला. गायकासाठी यापेक्षा मोठा त्याग कुठला? किशोरकुमारबद्दल मी जे म्हणालो तेच यानं केलंय. आंतरराष्ट्रीय एमीला अभिनयाचं नामांकन २०२५ला याच भूमिकेसाठी होतं, ते योग्यच.

'गुड न्यूज'बद्दलचं मत मात्र कायम.

नांदेडकर_सिंग
तर्कट भाऊ, 'चमकीला'मध्ये तो पगडीशिवाय दिसला, केसांचा टोप लावून. आमच्या वडिलांना ते खटकलं, दोन दिवस बोलले नाहीत त्यावर. मी म्हटलं, दारजी, चमकीला तसाच होता, हा त्याचा वेष आहे. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "वेष आहे हे मलाही कळतं. पण तो आपला वाटतो म्हणून खटकलं."

सोयाबीनवाला
इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. बालाघाटींनी गोंधळाचं लिहिलं, त्यावरून घरची एक गोष्ट सांगतो.

माझे वडील तरुणपणी गोंधळ्यांच्या संचात झील धरायचे. तुणतुणं त्यांच्याकडं असायचं. पुढं गुडघे गेले, संचही मोडला. आता ऐकायलाही कमी येतं. या धाग्यावर चर्चा वाढली म्हणून परवा त्यांना मोबाईलवर 'चमकीला' लावून दिला. हिंदी-पंजाबी फारसं कळत नाही, तरी बघत बसले. चमकीला तुंबी छेडायला लागला तसे एकदम वाकून स्क्रीनजवळ गेले. "थांबव, थांबव. ह्याला एकच तार हाय बघ." मी म्हटलं हो. "मग हे आपलंच की. आपलं लाकडाचं, ह्याचं भोपळ्याचं. आणि हा सूर काढायलाय त्याच्यातून, आपण नुसता ठेका धरतो." तोच तुकडा पाच-सहा वेळा लावायला लावला. दिलजीतचं बोट बघत होते, तोंड नाही. शेवटी म्हणाले, "ह्यानं खरंच वाजवून बघितलंय. बोट दुखल्याबिगर असं वळत नाही."

सकाळी उठून बघतो तर माळ्यावरचं तुणतुणं खाली. कातडं शाबूत आहे, तार मात्र गंजून तुटलीय. इथं पूर्णेत मिळेना. परभणी-नांदेडात तुणतुण्याची तार कुठं मिळेल, कुणाला ठाऊक आहे का?

नांदेडकर_सिंग
नांदेडला वाद्यवाल्याकडं सतारीची तार मिळते, ती चालते. आमचे तबल्याचे उस्ताद तीच सांगतात.

बालाघाटी
सतारीची बाजाची तार घ्या, जाड नको. खुंटी सैल झाली असेल तर खडू लावा.

नांदेडकर_सिंग
मी रविवारी परभणीला येतोय, वाटेत पूर्णेला उतरतो. दोन तारा घेऊन येतो, एक तुटली तर असावी. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि वडिलांना सांगा, तबला सोबत आणू का विचारलंय.

सोयाबीनवाला
व्यनि केलाय. विचारलं त्यांना. म्हणाले, तबला कशाला, संबळ घरात हाय.